अनुभव धागा: नाझिया हसन आणि 'डिस्को दीवाने'ची कॅसेट

मुक्काम_डोंबिवली
परवा भाचीच्या लग्नाच्या संगीताची तालीम बघायला गेले होते. पोरं 'स्टुडंट ऑफ द इयर'मधल्या त्या डिस्को गाण्यावर नाचत होती. मधेच नाझियाचा मूळ आवाज आला आणि मी खुर्चीत बसल्याबसल्या पुढची ओळ म्हणायला लागले. भाची बघतच राहिली. "मावशी, तुला कसं काय पाठ?" आता हिला काय सांगू, हिच्या आईने आणि मी मिळून ही कॅसेट झिजवलीय!

1981 ची गोष्ट. आदल्या वर्षी 'कुर्बानी' आला होता. 'आप जैसा कोई' गाणारी मुलगी पंधरा वर्षांची आहे, कराचीची आहे, लंडनला शाळेत जाते हे कुठेतरी वाचलं आणि आम्ही दोघी बहिणी गार. म्हणजे ताईच्याच वयाची! मग तिची आणि तिच्या भावाची, झोहेबची, स्वतःची छोटीशी रेकॉर्ड आली. सिनेमा नाही, हिरो नाही, नुसती गाणी. बाबांना पटेचना, सिनेमातलं नाही तर त्याला पैसे कशाला घालायचे? शेवटी चाळीतल्या एका काकांकडून साठच्या कोऱ्या कॅसेटवर भरून आणली. सगळी गाणी मावून वर जागा उरली, तिथे काकांनी न सांगता 'आप जैसा कोई' भरून दिलं. देवमाणूस.

ताई दोन ओळी ऐकायची, खटकन बंद करायची, वहीच्या मागच्या पानावर उतरवायची, परत जरा मागे न्यायची. त्यापायी टेपचं प्लेचं बटण इतकं ढिलं झालं की काडेपेटीचा तुकडा खोचल्याशिवाय दबून राहायचं नाही.

माझ्या मते मुख्य गाण्यापेक्षा 'आओ ना' आणि 'लेकिन मेरा दिल' सरस. तुमचं काय? कुठे ऐकलंत, कोणाबरोबर ऐकलंत, सगळं येऊ दे. आवडली नसेल तर तेही लिहा.

खमंग_काकडी
लेकिन मेरा दिल!!! बास, विषय संपला. फोडणी टाकलीय, नंतर येते.

गिरगावकर_जुना
आमच्या वाडीच्या गणपतीत त्या वर्षी दिवसाचं वेळापत्रकच होतं. सकाळी आरतीनंतर भीमसेनजी, दुपारी भावगीतं, आणि रात्री कार्यकर्ते जागरणाला पत्ते घेऊन बसले की 'डिस्को दीवाने'. वरच्या मजल्यावरचे आमचे खजिनदार बंडी-लुंगीवर खाली यायचे. अरे, बाप्पाला तरी झोपू द्या! साउंडवाला पोरगा शांतपणे सांगायचा, "काका, आवाज कमी केलाय, ठेका कमी होत नाही." हे वाक्य आमच्या वाडीत आजही चालतं. कोणाची बायको चिडली की म्हणतात, आवाज कमी झालाय, ठेका नाही.

पुढच्या गणपतीला ही मजा नव्हती. जानेवारी 82 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वाडीतली निम्मी घरं गिरणीवर. वर्गणी मागायला जायची लाज वाटायची. भाड्याचा साउंड रद्द, नुसत्या टाळ-झांजांवर आरत्या केल्या. असो, विषय भरकटला.

तिरफळ
भरकटू दे हो. ठेका कमी होत नाही हे मी आजच सासूबाईंच्या बाबतीत वापरणार आहे. (मनातल्या मनात.)

पावणेदोन
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मला हा आवाज कधीच आवडला नाही. नाकात गाते, ना हरकती, ना मुरक्या, सगळं सरळसोट. त्याच 'कुर्बानी'त 'क्या देखते हो' आहे, आशाबाई आणि रफीसाहेब. ते ऐका आणि मग हे ऐका. ठेका काढून घेतला तर या रेकॉर्डमध्ये उरतं काय?

मुक्काम_डोंबिवली
राग कसला, म्हणून तर विचारलं. पण पावणेदोन, ते सरळसोट गाणंच आम्हाला आवडायचं. आशाबाईंचं गाणं आपण म्हणायला गेलो की तिसऱ्या ओळीला तोंडघशी. नाझियाचं शेवटपर्यंत म्हणता यायचं, तेही भांडी घासताना.

निवृत्त_किबोर्डिस्ट
पावणेदोन, तुमचा कान बरोबर आहे, पण त्या आवाजाची गंमत वेगळी आहे. मी त्या काळात ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायचो, सांगली-कोल्हापूर-इचलकरंजी पट्टा, जत्रा आणि गणपती. 'आप जैसा कोई' आणि 'डिस्को दीवाने' झाल्याशिवाय पब्लिक सोडायचं नाही. आमच्या गायिका तयारीच्या, लताबाईंची गाणी चोख करायच्या, पण हे गायला लागल्या की मागून आरोळी यायची, "रेकॉर्डसारखं नाय!"

आम्ही चक्रावलो. मग एकदा हेडफोन लावून ऐकत बसलो तेव्हा उलगडलं. तिचा आवाज दोनदा घेऊन एकावर एक ठेवलाय. डबल ट्रॅक. दोन्ही वेळचं गाणं केसभर मागेपुढे असतं, त्यातून ती चकाकी येते. आमच्याकडे कुठले ट्रॅक? कोरसमधल्या एका मुलीला बाईंच्या शेजारी उभं केलं, एकाच माइकवर, गालाला गाल लावून. ओळ एक, श्वास घ्यायची जागा एक, आणि मुरकी घेतली तर दंड. जमलं की हुबेहूब! बाईंना मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. एवढं शिकून सपाट गायचं?

दुसरं म्हणजे बेस. एकच सूर खाली-वर, खाली-वर, दोन सप्तकांत, गाणं संपेपर्यंत. माझा डावा हात भरून यायचा. यामाहाचा डीएक्स-7 कीबोर्ड आला 83 ला, आमच्या पट्ट्यात पोचायला तर आणखी किती वर्षं गेली. ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम, त्याच्याही नंतरचा. डिस्कोत तो 'प्यूंव' आवाज असतो ना, सिंथ (इलेक्ट्रॉनिक) ड्रमचा, तो आमचा ढोलकीवाला तोंडाने काढायचा. माइक जवळ घेऊन. प्यूंव! त्याला वन्स मोअर मिळायचा.

आणि ही रेकॉर्ड करणारा संगीतकार-निर्माता बिद्दू, हा माणूस साधा नव्हे. बंगळूरचा, साठच्या दशकात विलायतेला गेला, 1974 ला कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्यानेच केलं, इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला गेलं ते. ठेका आणि गळा यांच्यामध्ये तो जागा मोकळी सोडतो. आपल्याकडे तेव्हा जागा दिसली की तिथे व्हायोलिनं भरायची पद्धत होती.

तिरफळ
तोंडाने प्यूंव!! हसून हसून चहा सांडला. दादा, रेकॉर्डिंग आहे का त्याचं?

निवृत्त_किबोर्डिस्ट
नाही हो. तो आता पंढरपूरला असतो, भजनात पखवाज वाजवतो. प्यूंव करायला सांगितलं तर अजून करेल.

सातारी_कंदी
दादा इचलकरंजीचा ऑर्केस्ट्रा म्हणजे कुठला? माझे थोरले मेहुणे लाइट्सचं काम करायचे, फिरत्या रंगीत चकत्या स्वतः बनवलेल्या, जिलेटिनच्या. त्यांच्या लग्नाच्या वरातीत बँडने 'आप जैसा कोई' क्लॅरिनेटवर वाजवलं होतं. घोडा बुजला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

निवृत्त_किबोर्डिस्ट
उंच, गोरे, कायम पान? ओळखतो! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मस्कतकर
ही रेकॉर्ड मला मस्कतला नव्याने भेटली. कंपनीच्या खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर एक कराचीचा फोरमन होता. त्याच्याकडे नाझिया-झोहेबच्या पुढच्या कॅसेट, 'यंग तरंग' आणि 'हॉटलाइन', माझ्याकडे 'डिस्को दीवाने'. शुक्रवारी कपडे धुताना अदलाबदल. तो म्हणायचा, नाझिया आमची. मी म्हणायचो, बिद्दू आमचा आणि माझ्या कॅसेटवर कुत्रा एचएमव्हीचा. क्रिकेटवरून आमचं बोलणं बंद व्हायचं, पण शुक्रवारची अदलाबदल चालूच. एकदा शारजाच्या मॅचनंतर तोंड फिरवून कॅसेट माझ्या उशीवर ठेवून गेला.

त्याचंच म्हणणं की 'यंग तरंग' जास्त मॉडर्न आहे, 84 ची, सिंथ जास्त, चित्रीकरणं पण केलेली. ऐकायला आहेच तशी. पण मला 'डिस्को दीवाने'तली ती थोडी कच्ची पोरगीच आवडते.

ऑगस्ट 2000 मध्ये ती गेली तेव्हा मी रत्नागिरीला परत आलो होतो. त्याने कराचीहून एसटीडी बूथवर निरोप ठेवला, मी उलटा फोन केला. पस्तीस वर्षांची होती. फुप्फुसाचा कॅन्सर. आम्ही दोघं फोनवर मुलांच्या शिक्षणाबद्दल बोललो, तिच्याबद्दल फारसं नाहीच.

लंडनची_आत्या
मस्कतकर, छान लिहिलंत. तिची कबर इथे हेंडनला आहे. लोक गाणारी पोरगी म्हणून विसरतात, पण तिने कायद्याची पदवी घेतली होती, संयुक्त राष्ट्रांत काम केलं, भावाबरोबर अमली पदार्थांविरुद्ध संस्था काढली. आणि 'डिस्को दीवाने' आली ती पाकिस्तानात झिया-उल-हक यांची लष्करी राजवट असताना, हेही लक्षात घ्या. इथे पाऊस. दोरीवरचे कपडे काढून येते.

खमंग_काकडी
डबे गेले, आता निवांत. माझा अनुभव गॅदरिंगचा. सहावीत. आम्हा मुलींना 'डिस्को दीवाने'वर नाचायचं होतं, बाई म्हणाल्या, असली थेरं शाळेत नाहीत, कोळीनृत्य बसवा. कोळी लुगडी, गजरे, टोपल्या, सगळं आणून झालं. आयत्या वेळी टेप लावणारा शिपाई आमच्यातलीच्या चुलत भावाचा मित्र. त्याने काय लावलं असेल ओळखा! आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन डिस्को केला. थर्माकोलचा एक पापलेट उडून पाहुण्यांच्या मांडीवर. बाईंनी नंतर झापलं, पण पाहुण्यांनी पन्नास रुपयांचं बक्षीस दिलं, त्याचे बाईंनीच पेढे आणले.

तिरफळ
पापलेट कसला, तो हलवा मासा असणार. थर्माकोलमध्ये पापलेट जमत नाही.

खमंग_काकडी
अगं मालवणची ना तू, कळलं हो. पापलेटच होता. चंदेरी कागद लावलेला.

पावणेदोन
नाझिया-झोहेबच्या पुढच्या वर्षीच्या 'बूम बूम'बद्दल कोणीच लिहीत नाही? 'स्टार' 1982, कुमार गौरव, रती अग्निहोत्री. सिनेमा आपटला, गाणी वाजली. रेकॉर्ड म्हणून बघायचं तर ती जास्त घट्ट आहे. 'डिस्को दीवाने'त झोहेबची गाणी आली की वेग पडतो. आपल्या पद्मिनी कोल्हापुरेचाही पुढे बिद्दूबरोबर एक अल्बम आला होता. मग 95 ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', तेही बिद्दूच.

मुक्काम_डोंबिवली
आवडत नाही म्हणता आणि कुंडली तोंडपाठ!

पावणेदोन
धाकटी बहीण लावायची. घराला खोली एकच. जाणार कुठे?

मस्कतकर
झोहेबला नावं ठेवू नका राव. तो नसता तर एकटीच्या आवाजाला उठाव आला नसता. शिवाय पाठीला भाऊ उभा आहे म्हटल्यावर आमच्या आईने कॅसेट घरात येऊ दिली. "भावाबरोबर गाते ना, मग ठीक आहे."

नवखा_2003
मी जन्मलो तेव्हा ती जाऊनही तीन वर्षं झाली होती, तरी लिहितो. मी विलायती सिंथ-पॉप ऐकत ऐकत मागे मागे गेलो आणि इथे पोचलो. आईला ऐकवलं तर म्हणाली, हे आहे की आपल्याकडे, माळ्यावर. मी तिला काहीतरी भन्नाट शोधून दाखवायला गेलो होतो.

'धुंधली रात में' ऐका हेडफोनवर, रात्री. नाचायला लावणाऱ्या गाण्यांच्या गर्दीत ते हरवलंय. पावणेदोन काका, ठेका काढला तर काय उरतं विचारत होतात ना? ठेका काढायचा कशाला पण?

आता मुद्द्याचं: माळ्यावरच्या कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी आलीय आणि आईचा टेप सुरू केला की नुसता घरघरतो, चाकं फिरत नाहीत. काय करू? पुण्यात आहे.

निवृत्त_किबोर्डिस्ट
चाकं फिरत नाहीत म्हणजे बेल्ट गेला. रबर आहे ते, विरघळून डांबर होतं. तपकीर गल्लीत जा, जुना बेल्ट बरोबर घेऊन जा, मापाचा मिळेल. हेड कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून पूस, पाणी नको. बुरशीची कॅसेट तशीच घालू नकोस, हेडला लागेल. आधी पेन्सिलीने हळूहळू पूर्ण फिरवून मोकळी कर, कोरड्या मऊ कापडावरून रीळ जाऊ दे, तोंडाला रुमाल बांधून. कवच स्क्रूचं असेल तर रीळ दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येईल. चिकटवलेलं असेल तर ब्लेडने शिवण उघडायची, बोटं सांभाळून. आणि उन्हात ठेवू नकोस कोणी काही सांगितलं तरी.

गिरगावकर_जुना
आमच्याकडे पेन्सिल नाही, रेनॉल्ड्सचं पेन. निळ्या टोपणाचं. बरोबर बसायचं.

सातारी_कंदी
पेन सैल बसतं. षटकोनी पेन्सिलच.

गिरगावकर_जुना
टोपण लावून बघा.

मुक्काम_डोंबिवली
ताईला हा धागा पाठवला. तिचा निरोप: "आओ ना बिओ ना काही नाही, मुख्य गाणंच भारी. आणि बटण मी नाही, तू ढिलं केलंस." मस्कतकर, ती 'यंग तरंग' अजून आहे का तुमच्याकडे? एमपी3 नको, कॅसेटच. ताईच्या साठीला द्यायची होती, राहून गेलं. कुरियरचे पैसे देते.

मस्कतकर
आहे. ती त्याचीच, परत करायची राहिलीय. तेव्हा देता यायची नाही. पण भरून देतो, साठची कोरी कॅसेट तुम्ही पाठवा. जागा उरली तर काय भरू?