आधी रेफरन्स शिकवा, इनहेरिटन्स नंतर. पटतंय का?

कळफलक:
बरीच वर्षं नवीन मुलांचा कोड तपासतोय, एक गोष्ट सारखी खटकते म्हणून धागा काढला. ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकवायला घेतलं की दुसऱ्याच दिवशी इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासचं (ऑब्जेक्टच्या साच्याचं) सगळं त्याच्या चाइल्ड क्लासला मिळणं, प्राणी, कुत्रा, मांजर सुरू होतं, पण व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट बसलेला नसतो, त्याच्याकडे बोट दाखवणारा रेफरन्स असतो हे कुणी नीट सांगतच नाही. आमच्याकडे पायथनमध्ये अहवाल नावाचा बेस क्लास होता, त्यात इनिटच्या (नवीन ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडच्या, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनच्या) बाहेर, थेट क्लासमध्येच, यादी म्हणून रिकामी लिस्ट टाकलेली. त्याचे दोन चाइल्ड क्लास, रोजचा अहवाल आणि महिन्याचा अहवाल, दोघंही सेल्फच्या (म्हणजे त्या-त्या ऑब्जेक्टच्या) यादीत अपेंड करणार. झालं, महिन्याच्या नोंदी रोजच्या अहवालात दिसायला लागल्या. दोन दिवस सगळे इनहेरिटन्सच्या नावाने बोटं मोडत बसले, शेवटी एकाने दोन्ही क्लास तोडून कोड कॉपी-पेस्ट केला. तरीही एका रनमध्ये रोजचे दोन अहवाल काढले की पहिल्याच्या नोंदी दुसऱ्यात येतच होत्या! कारण लिस्ट एकच होती आणि सगळे तिलाच धरून होते. इनिटमध्ये नवीन लिस्ट बनवली, एका ओळीत प्रश्न मिटला. म्हणून म्हणतो, आधी रेफरन्स.

अर्धविराम:
नाही पटलं. हा पायथनचा क्लास व्हेरिएबलचा घोळ झाला, त्यावरून इनहेरिटन्सला निर्दोष म्हणून सोडून देऊ नका. खरा त्रास इनहेरिटन्सचाच आहे. जावाचा स्टॅक बघा, १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून तो व्हेक्टरचा (लिस्टसारख्या क्लासचा) चाइल्ड आहे, म्हणजे व्हेक्टरच्या सगळ्या मेथड्स त्याला आपोआप मिळाल्या, आणि स्टॅकमध्ये वरूनच टाकायचं-काढायचं हा नियम असून कुणीही खुशाल मधल्या जागेवर काहीही घुसवू शकतो. आता जुना कोड मोडेल म्हणून ते बदलताही येत नाही, जावाचं डॉक्युमेंटेशन स्वतःच डेक (दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारी रांग) वापरा म्हणून सांगतं. तिथे चाइल्ड न करता व्हेक्टर स्टॅकच्या आत प्रायव्हेट (बाहेरून हात न लावता येणारा) ठेवला असता तर हे झालंच नसतं. गो आणि रस्टमध्ये क्लास इनहेरिटन्सच नाही, काही अडलंय का कुणाचं? माझ्या मते तो विषय शेवटच्या आठवड्यात उरकावा.

रात्रपाळी:
उरकावा म्हणजे काय? एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणाऱ्या चुका) कसे शिकवणार मग? जावात आयओ एक्सेप्शन कॅच केलं की फाइल सापडली नाही तो एक्सेप्शनही त्यातच पकडला जातो, तो त्याचा चाइल्ड आहे म्हणूनच ना. १९६० च्या दशकात सिम्युला या भाषेने क्लास आणि सबक्लास आणले ते सिम्युलेशन लिहिताना एकसारख्या वागणाऱ्या गोष्टी पुन्हा पुन्हा लिहायला लागू नयेत म्हणून, ती गरज आजही तशीच आहे. आणि आत ठेवा आत ठेवा म्हणताय तर वीस मेथड्स हाताने आतल्या ऑब्जेक्टकडे पुढे ढकलणारे क्लास कधी लिहिलेत का? मी लिहिलेत, एका ठिकाणी चुकून भलत्याच मेथडला कॉल गेला होता आणि टेस्टमध्येही सापडला नव्हता.

शिवाय आत ठेवून रेफरन्सचा प्रश्न सुटत नाही. बाहेरून आलेली लिस्ट जशीच्या तशी आत ठेवली तर बाहेरचा माणूस ती बदलणारच, क्लास प्रायव्हेट म्हणो की काहीही म्हणो.

कळफलक:
हे शेवटचं वाक्य म्हणजे माझाच मुद्दा झाला की. अजून एक बघा, जावात पेरेंट टाइपच्या व्हेरिएबलमध्ये चाइल्ड ऑब्जेक्ट ठेवला, दोघांतही नाव नावाचं फील्ड (ऑब्जेक्टमधलं व्हेरिएबल) आहे. मेथड कॉल केली तर चाइल्डची चालते, पण फील्ड वाचलं तर पेरेंटचं मिळतं. रेफरन्सचा टाइप वेगळा आणि ऑब्जेक्टचा टाइप वेगळा हे डोक्यात बसलेलं नसेल तर हे पाठच करावं लागतं, समजत नाही.

अर्धविराम:
बरं, मग कन्स्ट्रक्टरचं (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडचं) काय? पेरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून तयारी ही मेथड कॉल होते, चाइल्डने ती ओव्हरराइड केलीय (त्याच नावाने स्वतःची लिहिलीय) आणि त्यात स्वतःच्या लिस्टमध्ये काहीतरी टाकतोय. जावात चाइल्डची फील्ड्स पेरेंटचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर भरतात, म्हणजे लिस्ट अजून नल (कशाकडेच बोट नाही), थेट नल पॉइंटर एक्सेप्शन. त्याहून वाईट म्हणजे तयारीत काउंट पाच केला आणि फील्डच्या ओळीत काउंट शून्य लिहिलेलं असेल तर नंतर तो गुपचूप शून्य होतो, एररसुद्धा नाही. सी प्लस प्लसमध्ये त्या वेळी पेरेंटचीच मेथड चालते, तिथे वेगळीच गंमत. यात रेफरन्स शिकवून काय फरक पडणार? हा निव्वळ इनहेरिटन्सचा दोष आहे.

कळफलक:
हे मान्य, हा क्रमाचाच प्रश्न आहे, इथे माझं म्हणणं पूर्ण लागू होत नाही. पण मुलांना हा बग समजावताना मी दरवेळी एकाच जागी अडकतो, त्यांना वाटतं पेरेंटचा एक ऑब्जेक्ट बनतो आणि चाइल्डचा दुसरा. ऑब्जेक्ट एकच आहे, दिस (जावातला स्वतःच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स) त्याच्याकडेच बघतोय, फक्त तो अजून अर्धवट भरलाय, हे कागदावर एक चौकोन आणि त्याच्याकडे जाणारा बाण काढल्याशिवाय कुणालाच कळलेलं नाही.

रात्रपाळी:
चौकोन-बाण मीही काढतो, पण इनहेरिटन्स शिकवतानाच काढतो, आधी वेगळा आठवडा घेऊन नाही. नुसते बाण आठवडाभर काढले तर अर्धा वर्ग झोपतो, हे स्वतः बघितलंय.