चालता लहान ट्रॅक्टर देऊन नवा घ्यावा का?

धागाकर्ता

माझ्याकडे २७ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला, साध्या गिअरचा लहान ट्रॅक्टर आहे. मीटरवर ३,१०० तास झाले आहेत आणि वर्षाला साधारण १५० तास तो चालतो. त्यात थोडी रोटाव्हेटरची मशागत असते, फळझाडांच्या ओळींमधले गवत कापणे असते, आणि सर्वांत मोठा वाटा पुढच्या लोडरने खत, माती व मुरूम हलवण्याचा असतो. तक्रारी तीन आहेत. गिअर टाकताना करकर होते, उचलून ठेवलेले अवजार अर्ध्या तासात आपोआप खाली बसते, आणि थंडीत सकाळी इंजिन लवकर पेट घेत नाही.

विक्रेता हा ट्रॅक्टर ठेवून घेऊन तेवढ्याच ताकदीचा, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरबॉक्सचा नवा ट्रॅक्टर द्यायला तयार आहे. जुन्याला तो नव्याच्या किमतीच्या ३५ टक्के धरतो, आणि उरलेली रक्कम पाच वर्षांच्या कर्जाने फेडायची आहे. माझा कल बदलण्याकडे आहे, कारण जुना चालता आहे तोवरच त्याला मोल आहे आणि एकदा तो बसला की ३५ टक्के कोणी देणार नाही. तरीही निर्णयाआधी विरुद्ध बाजू नीट ऐकावी, म्हणून हा धागा काढला आहे.

तेलकट हात

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही ट्रॅक्टर विकण्याइतकी मोठी नाही, आणि तीनही न तपासता तुम्ही विक्रेत्याकडे गेलात याचे मला आश्चर्य वाटते.

उभ्या ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि मग गिअर टाका. करकर थांबली, तर क्लच नीट सुटतो आहे आणि तुम्ही केवळ घाई करत होता. थांबूनही करकर होत राहिली, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याचे कारण पुष्कळदा दांड्या आणि पिना झिजून पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, वाढणे एवढेच असते, आणि ते दोन पान्यांनी बसवता येते. क्लच प्लेट बदलायची वेळ आली, तरच इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात व खर्च वाढतो.

अवजार उचलणारी लिफ्ट खाली बसते ती सिलिंडरच्या सीलमुळे किंवा कंट्रोल व्हॉल्व्हच्या गळतीमुळे. काम चालू असताना अवजार जागेवर राहत असेल तर घाईचे कारण नाही. ट्रॅक्टर उभा करून जाताना अवजार जमिनीवर टेकवूनच ठेवायचे असते, हा नियम नव्यालाही लागू आहे. थंडीतल्या त्रासासाठी आधी ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिनाला सुरू होताना ऊब देणारे प्लग, मल्टिमीटरने तपासा. तीन सिलिंडरांच्या इंजिनात एक प्लग जळालेला असला, तरी सकाळी पांढरा धूर आणि अडखळणे एवढ्याने होते. प्लग चांगले निघाले, तर तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाण्याचा दाब, मोजून घ्या. ते एकसारखे आणि पुस्तिकेतल्या मर्यादेत असेल, तर नियमित तेलबदल झालेल्या लहान डिझेल इंजिनाला ३,१०० तास म्हणजे म्हातारपण नव्हे.

हिशेबनीस

यंत्राचे मी बोलणार नाही, पैशाचे बोलतो. नव्याची किंमत १०० धरा. जुन्याचे ३५ वजा जाता ६५ चे कर्ज राहते. व्याजाचा दर वर्षाला ९ टक्के धरला, तर पाच वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत सुमारे १६ व्याज जाते. पाच वर्षांनी नवा ट्रॅक्टर ६० ला विकला जाईल असे मानले, तर ४० ची घट झाली. जुना ठेवलात तर तोही उतरेल, पण जो आधीच पुष्कळ उतरून बसला आहे तो फार उतरत नाही. ३५ चा २७ झाला असे धरू, म्हणजे ८ ची घट. तेव्हा बदलण्याची खरी किंमत ४० अधिक १६ वजा ८, म्हणजे ४८ होते. पाच वर्षांत जुन्यावरचा दुरुस्तीखर्च नव्याच्या देखभालीपेक्षा ४८ ने जास्त होणार असेल, तरच बदलणे पैशाच्या दृष्टीने बरोबर. इंजिन संपूर्ण बांधून घेतले तरी आकडा तिथे पोहोचेल असे मला वाटत नाही.

इंधनबचतीचे आमिष विक्रेता दाखवील, म्हणून तोही आकडा देतो. २७ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २० किलोवॅट. अशी डिझेल इंजिने पूर्ण भारावर तासाला सहा लिटरच्या आसपास इंधन घेतात. तुमचे सगळे १५० तास पूर्ण भाराचे धरले, जे ते नाहीत, तरी वर्षाला ९०० लिटर झाले. नव्याने दहा टक्के वाचवले असे मोठ्या मनाने मान्य केले, तरी ९० लिटरच वाचतात.

बागवान

हिशेबनीसांची मांडणी सुबक आहे, पण तिचा सगळा डोलारा ६० या एका आकड्यावर उभा आहे. कमी तास चाललेला, लोडरसह असलेला लहान ट्रॅक्टर पाच वर्षांनी ७० ला गेला, तर ४८ चे ३८ होतात. शिवाय या हिशेबात माणसाच्या वेळेला शून्य किंमत धरली आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे की त्यांचे सर्वांत जास्त काम लोडरचे आहे. लोडरच्या कामात ढिगात शिरायचे, मागे यायचे, वळायचे, पुढे जाऊन ओतायचे, पुन्हा मागे यायचे, असे तासात शेकडो वेळा दिशा बदलावी लागते. साध्या गिअरमध्ये प्रत्येक वेळी क्लच, गिअर, पुन्हा क्लच. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाय पेडलवर पुढे-मागे केला की झाले. गवत कापतानाही तोच फायदा. दाट गवत आले की इंजिनाचे फेरे न घटवता केवळ चाल कमी करता येते, त्यामुळे पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला आपल्या ५४० फेऱ्यांवर राहतो आणि कापणी एकसारखी होते. मी गिअरच्या ट्रॅक्टरवर बारा वर्षे काढली आणि नंतर बदलला. संध्याकाळी डावा गुडघा दुखत नाही, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची हे हिशेबनीसांनी सांगावे. जो क्लच आज दोन पान्यांनी बसवायचा सल्ला मिळतो आहे, तो झिजण्याचे कारण लोडरचेच काम आहे, आणि तो बसवल्यावरही पुन्हा तेच काम करणार आहे.

तेलकट हात

बागवान, लोडरच्या बाबतीत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तिथे हायड्रोस्टॅटिकला तोड नाही. पण त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी होती. त्यात इंजिनाची ताकद आधी पंपात, मग तेलाच्या दाबातून मोटरमध्ये आणि तिथून चाकांकडे जाते, आणि या प्रवासात काही ताकद उष्णता होऊन जाते. म्हणून तेवढ्याच अश्वशक्तीच्या गिअरच्या ट्रॅक्टरपेक्षा पीटीओवर आणि ओढीला ती कमी मिळते. सलग तासन्‌तास नांगरणी असेल तर हा फरक जाणवतो. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले नाहीत, तर बिघडणारा भाग क्लच प्लेटच्या किमतीचा नसतो.

इंजिनाचाही विचार करा. अमेरिकेच्या टिअर ४ या धुराच्या नियमांनी १९ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे २५ अश्वशक्तीच्या वरच्या लहान डिझेल इंजिनांवर २०१३ पासून काजळीची फार कडक मर्यादा घातली, आणि युरोपच्या स्टेज ५ मध्ये ती आणखी खाली आली. म्हणून त्या नियमांप्रमाणे बनलेल्या २५ च्या वरच्या ट्रॅक्टरांत सहसा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आणि संगणकावर चालणारी इंधनप्रणाली असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी त्या फिल्टरला चांगली उष्णता लागते. दहा मिनिटे चालवून बंद करणाऱ्याच्या किंवा तासभर आयडलवर ठेवणाऱ्याच्या हातात तो लवकर भरतो. कमी राखेचे तेल आणि अत्यल्प गंधकाचे डिझेल हेही ओघाने आलेच. अनेक कंपन्या २५ च्या किंचित खाली बसणारी मॉडेले काढतात, त्यामागे हेच कारण आहे. तेव्हा नवा घ्यायचाच असेल, तर जुन्याइतकेच २७ हवेत हा हट्ट कशासाठी, हे आधी ठरवा. तुमच्या जुन्या यांत्रिक इंधनपंपाला संगणक लागत नाही, हा त्याचा गुण आहे.

उतारावरचा

क्लच, व्याज आणि गुडघा यांवर इतके लिहून झाले, पण जुन्या ट्रॅक्टरला सुरक्षा-कमान आणि सीटबेल्ट आहे की नाही, हे कोणीच विचारले नाही. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना उलटण्यापासून चालकाचे रक्षण करणारी चौकट १९५९ मध्येच सक्तीची केली. पण अनेक ठिकाणी ती फार उशिरा आली आणि जुने ट्रॅक्टर तसेच राहिले. भरलेली बकेट वर उचलून उतारावर वळणारा ट्रॅक्टर आडवा होतो तेव्हा उडी मारायला वेळ मिळत नाही. कमान नसेल, तर माझ्या मते बदलण्याच्या बाजूने ते एकच कारण पुरेसे आहे.

हिशेबनीस

पुरेसे नाही. पुष्कळ जुन्या मॉडेलांना कंपनीची किंवा प्रमाणित कमान नंतर बसवून मिळते, आणि तिची किंमत ४८ च्या जवळपासही जात नाही. सुरक्षेचा मुद्दा अत्यंत खरा आहे, पण त्याचे उत्तर नवा ट्रॅक्टरच आहे असे नाही.

उतारावरचा

मिळत असेल तर माझा आक्षेप मागे घेतो, पण एका अटीवर: ती प्रमाणितच हवी. गावठी वेल्डिंगची कमान दिसायला भक्कम असते, पण चाचणी झालेली कमान ठरावीक प्रमाणात वाकून धक्का शोषते, आणि तिचे बोल्टसुद्धा त्या हिशेबाने दिलेले असतात. कमान बसल्यावर सीटबेल्ट लावायचाच, आणि कमान नसताना किंवा घडी घालून ठेवलेली असताना बेल्ट लावायचा नाही. झाडांच्या फांद्या लागतात म्हणून बागेत कमान घडी करणारे लोक ओळीबाहेर आल्यावर ती उभी करायला विसरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. माझ्या ट्रॅक्टरला कमान नाही, हे मी मूळ लेखात लिहिले नव्हते. खरे सांगायचे तर ते मला लिहिण्यासारखे वाटलेच नव्हते.

मधल्या दोन दिवसांत तुम्ही सांगितलेल्या तपासण्या मी केल्या. सहा सेकंद थांबूनही करकर होत होती. पेडलचा फ्री प्ले पुस्तिकेतल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि तो बसवल्यावर गिअर शांतपणे पडू लागला. तीनपैकी एक ग्लो प्लग जळालेला होता. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरांत जवळजवळ सारखे आणि मर्यादेत आहे. म्हणजे ‘बसायच्या आत विकावा’ हा माझा मूळ युक्तिवाद आता उरत नाही, कारण तो इतक्यात बसेल असे दिसत नाही.

बागवानांचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे. वहीत पाहिले तर १५० तासांपैकी सुमारे ९० तास लोडरचे निघाले. म्हणून विक्रेत्याला मी सांगितले आहे की नवा ट्रॅक्टर एक दिवस माझ्या ढिगावर चालवायला द्या, आणि २५ च्या आतले मॉडेलही सोबत आणा. त्याने लिफ्टची क्षमता सांगितली, तेव्हा ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली की त्यामागे ६१० मिलिमीटरवर, असे विचारले. टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो आणि अवजाराचे वजन तर मागे असते. त्यावर त्याने माहिती काढून कळवतो असे सांगितले आहे. जुन्यासाठी प्रमाणित कमानीची चौकशी आजच केली. ती मिळते, आणि नवा घेतला नाही तर पहिला खर्च तिचाच होईल.

बागवान

एक दिवस चालवून पाहा, पण त्या दिवशी मागे वजन लावायला विसरू नका. मागे वजन नसताना भरलेली बकेट उचलली, तर मागची चाके हलकी होऊन घसरतात, सगळा भार पुढच्या आसावर येतो, आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत घरी जातो. आणि संध्याकाळी परत जुन्यावर बसून त्याच ढिगातल्या वीस बकेटा भरून पाहा. मगच विक्रेत्याला उत्तर द्या.