हरीण साफ करायला एकच सुरी: आखूड, स्वस्त, स्टेनलेस. भांडायचं तर भांडा

मॅडिसनचा_मावळा:
थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनचा हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो आणि त्याआधी आमच्या इथल्या मराठी मंडळींत दरवर्षी तोच प्रश्न, सुरी कुठली घेऊ. नवीन पोरं तर तीनशे डॉलरच्या सुऱ्यांवर डोळा ठेवून असतात. माझं मत ऐका. फिक्स्ड ब्लेडच घ्या, घडीच्या सुरीच्या सांध्यात रक्त आणि चरबी जाऊन बसते आणि घरी आल्यावर ती काढता काढता जीव जातो. पातं साडेतीन ते चार इंच, ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठ टोकाकडे उतरत आलेली, स्टेनलेस, मूठ रबराची आणि रंग भडक केशरी, कारण पाचोळ्यात काळी सुरी खाली ठेवली की गेलीच. मोरा कंपनीची कम्पॅनियन सुरी घ्या, वीसेक डॉलरला मिळते, विषय संपला.

पिट्सबर्गकर_अण्णा:
काय संपला? पेन्सिल्व्हेनियात अर्धी जनता अजून बक कंपनीची ११९ नंबरची सुरी कमरेला लावून फिरते, सहा इंच पातं, आणि ते सगळे काय येडे आहेत का. छातीत हात घालून श्वासनलिका कापायची असते तेव्हा चार इंचाची सुरी कुठवर पुरणार सांग बरं. आणि स्टेनलेस स्टेनलेस काय लावलंय, १०९५ चं कार्बन स्टील घे, दगडावर चार हात मारले की परत केस भादरेल अशी धार. गंज चढतो म्हणे. अरे पुसून तेलाचं बोट फिरवायला किती वेळ लागतो?

मॅडिसनचा_मावळा:
अण्णा, तुमचंच उदाहरण घेऊ. छातीपोटामधला पडदा कापून झाला की दोन्ही हात कोपरापर्यंत आत असतात, डाव्या हाताने श्वासनलिका धरायची आणि उजव्या हाताने तिच्या वर कापायचं, आणि दिसत काहीच नाही, सगळं चाचपून. तिथे सहा इंची पात्याचं टोक कुठे आहे ते तुम्हाला कळतं का? आखूड पात्यावर तर्जनी पाठीवरून टोकापर्यंत पोचते, टोक कुठंय ते बोट सांगतं. पोट उघडतानाही तेच, धार वर, दोन बोटांच्या बेचक्यात पातं आणि बोटांनी कोठा खाली दाबत पुढे जायचं. ११९ चं क्लिप पॉइंट टोक बारीक, ते कोठ्यात घुसलं की आतला सगळा हिरवा रस मांसावर.

टेक्सास_तात्या:
दोघंही जुन्या जमान्यातले. मी रानडुकरं मारतो, इथे त्यांना सीझन नाही, वर्षभर चालू, आणि उन्हाळ्यात मांस तासाभरात वास मारायला लागतं त्यामुळे धार लावत बसायला वेळच नसतो. बदलत्या पात्याची सुरी घ्या, हॅव्हलॉन किंवा आउटडोअर एज. पातं बोथट झालं की काढून दुसरं लावलं. मातीने भरलेल्या डुकराच्या केसांनी कुठलीही सुरी बोथट होतेच, मग स्टील महागडं एस३०व्ही असो नाहीतर मॅग्नाकट.

मॅडिसनचा_मावळा:
तात्या, केसांवरून बाहेरून कापता म्हणून बोथट होते. एक चीर पाडून पातं कातडीखाली घाला आणि आतून बाहेर कापा, धार केसांना लागतच नाही. आणि हॅव्हलॉनचं ते सर्जनचं पातं सांध्यात जरा पिळलं की मोडतं, मग तो तुकडा मांसात शोधत बसा. शिवाय चरबीने माखलेल्या हातांनी पातं बदलायचं ते वेगळंच, तिथेच बोटं कापतात लोकांची.

टेक्सास_तात्या:
पिळायचं नसतं हो, कातडी सोलायला वापरायचं, सांध्याला नाही. तुम्ही चालवता तशी कुठलीही सुरी मोडेल.

साताऱ्याचा_सुभ्या:
तुमचं चालू द्या पण इकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, असले धागे वाचून कुणी सश्यामागे लागला तर आत जाईल. आणि खरं सांगू का, मराठी माणसाने तिकडे जाऊन हरणं मारायची हे मला तरी पटत नाही.

मिशिगनची_माई:
सुभ्या भाऊ, हा धागा इथल्या लायसन्सवाल्यांचा आहे आणि नाही पटत तर नाही पटत, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण तुम्ही सगळे स्टीलवर भांडताय आणि सीडब्ल्यूडीबद्दल कुणी बोलतच नाही. हरणांचा हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनच्या जंगलात २००२ मध्ये सापडला, आमच्याकडे २०१५ मध्ये. त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, उकळून मरत नाहीत. २०१९ च्या एका अभ्यासात स्टीलच्या तारांवरचे प्रायॉन ४० टक्के घरगुती ब्लीचमध्ये पाच मिनिटांत निष्प्रभ झाले, पण मांसाचा कण चिकटलेला असेल तर ब्लीच त्याच्या आत शिरत नाही. म्हणजे आधी घासून धुवायचं आणि मग बुडवायचं. आता अण्णा, तुमचं १०९५ त्या ब्लीचमध्ये टाकून दाखवा. आणि लाकडी मूठ असेल तर तिच्या चिरांतलं रक्त कसं काढणार?

पिट्सबर्गकर_अण्णा:
माई, ब्लीच स्टेनलेसलाही सोडत नाही, जास्त वेळ राहिलं तर खड्डे पडतात. आणि पाठीचा कणा, मेंदू कापायचाच नाही, हातमोजे घालायचे आणि हरीण टेस्टला द्यायचं, मग सुरी कुठली का असेना.

मिशिगनची_माई:
पाच मिनिटं आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं, रात्रभर कोण ठेवतंय. टेस्टचा निकाल यायला दिवस लागतात हो, तोवर तीच सुरी शेजाऱ्याच्या हरणालाही फिरते. माझी मोरा रानातही तरते आणि ब्लीचमध्येही आणि खराब झालीच तर टाकताना जीव तुटत नाही.

खाटीकआळीचा_बंड्या:
मी शिकारी नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या मटणाचा धंदा. एका सुरीत सगळं करायचा हट्टच चुकीचा आहे. रानात आतडी काढून घ्या, तिथे मावळ्याची आखूड सुरी ठीक आहे. गॅरेजमध्ये मांडीचं हाड काढायला सहा इंची लवचिक बोनिंग नाईफ लागते, ती हाडाला चिकटून वळते. जाड पात्याने हाडावर मांस सोडून याल आणि वर हरणात मांसच कमी म्हणून रडाल.

मॅडिसनचा_मावळा:
गॅरेजचं मान्य, माझा प्रश्न रानातला होता. आणि आता कुणीतरी गट हुक काढणारच म्हणून आधीच सांगतो, पात्याच्या पाठीवरचा तो आकडा पहिल्या दिवशी चेन उघडल्यासारखा चालतो, मग त्यात केस अडकतात आणि धार लावायला गोल कानस लागते, ती घरात नसतेच.

टेक्सास_तात्या:
माझ्याकडे आहे, आणि माझ्या सुरीला आकडाही आहे. या एकदा, डुक्कर समोर ठेवून भांडू.