गाणं थांबलं, आता आवाजाचा उपयोग आजारी माणसांसाठी करायचाय, कुठून सुरुवात करू?

मंद्रसप्तक:

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लहानपणापासून गातेय, त्यातली सतरा वर्षं स्टेजवर. दोन वर्षांपूर्वी स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. आधी तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आवाज फाटायला लागला, मग पट्टी काळी चारवरून खाली काळी दोनवर आणली तरी तेच, आणि मी मूर्खासारखी सहा महिने तशीच गात राहिले. शेवटी डॉक्टरांनी गाणं पूर्ण बंद करायला सांगितलं आणि स्पीच थेरपी सुरू झाली. पहिला व्यायाम काय तर ग्लासात पाणी घ्यायचं, स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून हळू हुंकार सोडायचा, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. सतरा वर्षं गाणारी बाई बुडबुडे काढतेय, पहिल्या दिवशी खूप रडले.

त्याच सुमारास मावशीला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं पण तोंडातून एक शब्द निघायचा नाही, आणि तो निघत नाहीये हेही तिला कळायचं, ते बघवत नव्हतं. रात्री तिच्याजवळ मी असायचे, तर तिथेच बसून माझा स्ट्रॉचा व्यायाम करायचे. तिसऱ्या रात्री मी मंद्रातल्या पंचमावर, म्हणजे खालच्या प वर, हुंकार धरला होता आणि पलंगावरून तोच स्वर आला. मावशीचा! मी थांबले तर ती थांबली नाही. मग मी तिचीच एक जुनी अंगाई सुरू केली, ती लहानपणी मला म्हणायची ती, आणि दुसऱ्या ओळीपासून मावशीने शब्द म्हटले. स्पष्ट.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. माझा आवाज आता बऱ्यापैकी आलाय पण मैफलीकडे परत जावंसं वाटत नाही, हे काम करावंसं वाटतं. पण शोधायला गेलं की दोन दिवसांत साउंड हीलर होण्याचे कोर्स दिसतात, अमुक फ्रिक्वेन्सीने तमुक आजार बरा होतो म्हणे. मन मानत नाही. गाणाऱ्या माणसाने या कामाकडे नीट कसं वळायचं? कोणी केलंय का?

---

शब्दसखी:

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मावशींचं वाचून अंगावर काटा आला, कारण आम्ही हे बघतो आणि तरी प्रत्येक वेळी नवीन वाटतं. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही मेंदूची डावी बाजूच चालवते, म्हणजे उजवं अंग गेलं तर मार डाव्या बाजूलाच बसलाय. गाण्यात मात्र मेंदूची उजवी बाजूही बरीच कामाला येते. त्यामुळे ज्याला बोलता येत नाही त्याला पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणता येतं असं होतं.

पण एक गोष्ट घरच्यांना मी नेहमी सांगते. अंगाई म्हणता आली म्हणजे बोलणं परत आलं असं नाही. पाठ असलेले शब्द आपोआप वाहत येतात, त्यांच्या जोरावर तहान लागली हे सांगता येत नाही. तो पूल बांधायला वेगळी पद्धत आहे, मेलोडिक इंटोनेशन थेरपी, १९७३ मध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी मांडलेली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, ते फक्त दोन स्वरांवर गायचं, एक वरचा एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने टेबलावर टॅप करायचं. पा-णी-दे. आधी दोघांनी मिळून, मग तुम्ही मधेच आवाज काढून घ्यायचा, मग त्यांनी एकट्याने, आणि हळूहळू त्यातलं गाणं कमी करत बोलण्यावर यायचं. आठवडेच्या आठवडे लागतात, सगळ्यांना सारखा फायदा होत नाही. जे समजतात पण बोलू शकत नाहीत त्यांच्यात जास्त आशा असते, आणि मावशी तशाच वाटतायत. त्यांच्या थेरपिस्टला नक्की विचारा, गाणारं माणूस घरात आहे म्हटल्यावर ते खूश होतील.

आणि तुमच्या घशाबद्दल: गाठी होऊन गेल्यात तर थकल्यावर कुजबुजत बोलू नका, त्याने ताण कमी होत नाही, उलट वाढू शकतो. गप्प बसा नाहीतर हलक्या आवाजात नीट बोला.

---

खर्जातून:

मी केलंय. बारा वर्षं शास्त्रीय गायले, मग म्युझिक थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं, आता आठ वर्षं हेच काम करतेय, तर जरा मोठं लिहिते.

सगळ्यात जड काय गेलं माहितीये, चांगलं गाणं सोडणं. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा डिमेन्शियाच्या वॉर्डात पाठवलं तेव्हा मी अगदी तयारीनिशी गेले, तानपुरा लावला, छान आलापी केली, सगळे शांत बसून ऐकत होते, शेवटी टाळ्या पण आल्या आणि मी खूप खूश होऊन बाहेर आले. माझ्या सुपरवायझर बाईंनी एकच प्रश्न विचारला, आज तिथे आवाज कोणाचा निघाला? माझाच फक्त. वीस माणसांच्या खोलीत माझ्याशिवाय कोणाचा श्वाससुद्धा ऐकू आला नव्हता मला. त्या रात्री झोप नाही लागली.

तिथे एक आजोबा होते, दिवसभर अं-अं-अं असा कण्हल्यासारखा आवाज काढायचे, नर्सही कंटाळलेल्या. पुढच्या वेळी तानपुरा नेलाच नाही. त्यांच्याजवळ खुर्ची घेतली आणि नुसतं ऐकलं. तो आवाज एकाच स्वरावर होता, श्वास आखूड, दर दोन सेकंदांनी एक. मी तोच स्वर तितक्याच हळू, त्यांच्याच लयीत धरला. काही छान नव्हतं त्यात, कण्हण्यात कण्हणं मिसळलं एवढंच. पाचेक मिनिटांनी मी प्रत्येक अं थोडा लांबवायला लागले, आणि त्यांचा पण लांबायला लागला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि स्वर बदलला. त्यांनी, मी नाही! मी मागोमाग गेले. याला आमच्यात आयसो प्रिन्सिपल म्हणतात, माणूस जिथे आहे तिथून सुरू करायचं. पण नाव नंतर कळतं, आधी कान तयार व्हावा लागतो. आणि गायकाचा कान तयारच असतो गं, फक्त तो स्वतःच्या गळ्यावरून उचलून समोरच्याच्या श्वासावर लावायचा.

तू गाठींमधून गेलीस ते वाया गेलेलं नाही, हे मनापासून सांगते. आल्फ्रेड वोल्फसोनबद्दल वाच. पहिल्या महायुद्धात तो जखमींना उचलून आणायचं काम करायचा, युद्ध संपलं तरी मरणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या त्याच्या कानातून जाईनात. डॉक्टरांच्या उपचारांनी फरक पडला नाही, शेवटी तो गाण्याकडे वळला आणि तेच किंचाळणं, कण्हणं, सगळे भेसूर आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून त्यातून बाहेर आला. पुढे आयुष्यभर, म्हणजे १९६२ मध्ये जाईपर्यंत, लोकांना आवाज मोकळा करायला शिकवलं. भेसूर आवाजाला न घाबरणं मी त्याच्याकडून घेतलं.

दोन दिवसांच्या कोर्सबद्दल तुझं मन बरोबर सांगतंय. अमेरिकेत म्युझिक थेरपिस्ट व्हायला डिग्री आणि त्यातच १२०० तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग लागतं, यावरून अंदाज घे. ते तास गाणं शिकायला नसतात. समोरचा माणूस ढसाढसा रडायला लागला तर काय करायचं, कधी थांबायचं, काय आपल्या आवाक्यातलं नाही, हे शिकायला असतात. मोकळा 'आ' लावताना माणसं फुटतात, आणि फोडून ठेवून घरी निघून जाणारा हीलर मी पाहिलाय. त्याच्याकडे गेलेल्या बाईची फार वाईट अवस्था झाली होती.

---

दमसास:

मी गायक वगैरे नाही, समोरच्या खुर्चीतला माणूस आहे. कोविडनंतर दम लागायचा तो जाईना, दोन वाक्यं बोललो की छाती भरून यायची आणि भीतीने श्वास अजून वर चढायचा. एका गायिकेच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये सहा आठवडे गेलो. ती म्हणायची श्वास घेण्याची काळजी सोडा, सोडायचा कसा ते बघा. लांब ऊऊऊ म्हणत श्वास पूर्ण रिकामा केला की पुढचा आपोआप खोल येतो. अंगाया म्हणायला लावायची, कारण त्यांच्या ओळी संथ. खरं सांगतो, जिना चढताना अजूनही थांबतो. पण भीती गेली. इंग्लिश नॅशनल ऑपेराने २०२० मध्ये एका हॉस्पिटल ट्रस्टबरोबर असाच कार्यक्रम सुरू केला होता, त्यांच्या चाचणीतही मानसिक बाजूला फायदा दिसला, शारीरिक बाजूच्या एकूण मोजमापात तसा दिसला नाही. ताई, तुम्ही हे काम करा आणि आमच्यासारख्यांना खरं काय ते सांगून करा.

---

नादलहरी:

फ्रिक्वेन्सीवाल्या दाव्यांबद्दल थोडं. अमुक हर्ट्झने आजार बरा होतो याला आधार नाही, त्यात पैसे घालू नका. पण हुंकार साधा नाही. २००२ मध्ये वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी मोजलं होतं, गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासाच्या १५ पट होता, कंपनामुळे सायनसमधली हवा खेळती होते. आणि २००१ च्या एका अभ्यासात मंत्र किंवा जपमाळेची प्रार्थना म्हणताना श्वास मिनिटाला साधारण ६ वर येतो आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळते असं दिसलं. म्हणजे काम करतो तो लांब उच्छ्वास आणि कंपन, आकडा कुठला ते नाही. खर्ज भरताना, म्हणजे खालचे स्वर लांब धरून रियाज करताना, हे आपण रोजच करतो.

---

मंद्रसप्तक:

सगळ्यांचे खूप खूप आभार. खर्जातून, तुमचा तो प्रश्न, आवाज कोणाचा निघाला, दोन दिवस मनातून जात नाहीये. रीतसर शिक्षणाचं ठरवलंय, चौकशी सुरू केली. घशाच्या डॉक्टरांना पण विचारून घेतलं, दिवसाला किती वेळ आवाज वापरायचा ते त्यांनी आखून दिलंय.

शब्दसखी, मावशीच्या थेरपिस्ट म्हणाल्या या आठवड्यापासून दोन स्वरांवर सुरू करू, मला शेजारी बसायला सांगितलं. काल पहिला दिवस. मी मावशीचा डावा हात धरून टेबलावर तीन टॅप दिले, पा-णी-दे, दहा-बारा वेळा. मग थेरपिस्ट बाईंनी खूण केली तसा मी आवाज काढून घेतला. मावशीच्या बोटांनी टॅप चालू ठेवला, पहिल्या टॅपला काही नाही, दुसऱ्याला आवाज आला, णी. तिसऱ्याला परत णी. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात सोडलाच नाही, परत टॅप करायला लागली. उद्या पुन्हा बसतोय, झालं काही की इथे कळवते.