खोटं बिल नाकारलं तर मोठं गिऱ्हाईक जाणार. देव पुरवेल म्हणून बसायचं का?

प्रश्न (रबाळे एमआयडीसी): फॅब्रिकेशनचं छोटं युनिट. निम्मं काम एकाच कंपनीचं. त्यांच्या परचेसवाल्याला माल न पाठवता बिल हवंय, टॅक्स आम्ही देतो म्हणतात. नाही म्हटलं की ऑर्डरी बंद. सहा कामगार आहेत, शेडचं भाडं आहे. ‘परमेश्वर पुरवील’ म्हणजे व्यवहारात नेमकं काय?

उत्तर १ (ठाणे): बायबलमधलं 2 इतिहास 25 काढा. यहूदाच्या अमस्या राजाने शंभर किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपे मोजून इस्राएलचे एक लाख सैनिक भाड्याने आणले. देवाच्या माणसाने सांगितलं, परत पाठव. राजाने लगेच विचारलं, मग दिलेल्या पैशांचं काय? परमेश्वर याहून पुष्कळ देऊ शकतो, असं उत्तर मिळालं. प्रवचनं बहुतेक इथेच संपतात. तेरावं वचन वाचा: परत पाठवलेल्या त्याच सैनिकांनी यहूदाची गावं लुटली, तीन हजार माणसं मारली. आज्ञा पाळली म्हणजे फटका बसणार नाही, असं शास्त्रात नाही. बायबलच्याच लेवीय 25 मध्येही सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तर तीन वर्षांचं पीक सहाव्या वर्षीच येतं. साठवायचं काम मात्र शेतकऱ्याचंच.

उत्तर २ (तुर्भे, जीएसटीचं काम): ‘टॅक्स आम्ही देतो’ याला काही अर्थ नाही. मालाशिवाय बिल फाडलं की जीएसटी कायद्याचं कलम 122 लागतं: दंड दहा हजार किंवा कराइतका, जास्त असेल तो. ई-वे बिलावरची (माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्यावरची) गाडी फास्टॅगच्या टोलवर दिसली नाही की प्रकरण तिथेच उघडं पडतं.

नकार कळवण्याआधी खातेउतारा पाठवून थकबाकीची कबुली मेलवर घ्या. नंतर ती मिळत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पुरवठ्याआधीची असेल तर पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत यायला हवेत. पुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर. नकारात उपदेश नको. ‘पीओ (परचेस ऑर्डर) आणि माल पाठवल्याच्या चलनाशिवाय आमच्याकडे बिल निघत नाही’ एवढंच लिहा.

उत्तर ३ (कळवा): मी वारकरी घरातला, तरी बोलतो. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे सगळ्यांना ठाऊक असतं. भाऊ कान्होबाच्या वाट्याची खतं आधी त्याला दिली आणि फक्त आपली बुडवली, असं सांगतात. ते कुणी लक्षात घेत नाही. तेव्हा सहा जणांचा तीन महिन्यांचा पगार आणि पीएफ आधी वेगळ्या खात्यात टाका. तोटा आपल्या घरखर्चातून काढा. आणि महापे-पावण्याची लहान कामं आजपासूनच कोट करायला घ्या, ऑर्डर बंद व्हायची वाट बघू नका.