मुलीच्या दोन वेण्या मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाहीत

नवशिका_बाबा

मुलगी दुसरीत आहे. केस खांद्याखाली वीतभर, पातळ, मऊ, टोकांना जरा कुरळे. शाळेचा नियम म्हणजे मधोमध भांग, दोन वेण्या दुमडून वर बांधलेल्या, काळी रिबीन. शाळा सकाळची, त्यामुळे वेणीफणीला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात.

विंचरताना रडारड होते. मागचा भांग नागमोडी जातो. एक वेणी कानाजवळ, दुसरी मानेवर. घट्ट घातलेली वेणी मुळाशी सैल होते आणि रिबीन सुटून दप्तरात येते. तेल लावून घातली तर आणखीच निसटते. व्हिडिओत बोटं नक्की कुठे असतात ते कळत नाही. "बॉबकट करा" सोडून काहीही सुचवा.

वेणीफणी

आधी रडणं थांबवू. मुळापासून कंगवा खाली ओढला की वाटेतले सगळे बारीक गुंते सरकत जाऊन शेवटी एकच मोठी गाठ होते. म्हणून सुरुवात टोकांकडून. शेवटची चार बोटं सोडवा, मग त्याच्या वरची चार बोटं, असं करत मुळापर्यंत जा. यात दुसरा हात रिकामा ठेवायचा नाही. गुंत्याच्या थोडं वर बट मुठीत गच्च धरायची, म्हणजे कंगव्याचा हिसका मुठीपाशीच अडतो, डोक्यापर्यंत जात नाही. रडणं बहुतेक वेळा एवढ्यानेच कमी होतं.

कंगवा रुंद दातांचा घ्या. बारीक फणी उवांसाठी, रोजच्या विंचरण्यासाठी नाही. केस ओलेचिंबही नकोत, ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो. फवाऱ्याच्या बाटलीत २०० मिली पाणी आणि एक छोटा चमचा कंडिशनर हलवून घ्या, तीन-चार फवारे मारा, केस नुसते दमट झाले की पुरे. हे पाणी दोन-तीन दिवसांनी फेकून नवीन करायचं.

भांगासाठी शेपटीचा कंगवा लागतो. टोक नाकाच्या रेषेत कपाळावर टेकवा आणि टाळूवरून मागे भोवऱ्यापर्यंत न उचलता न्या. मग तिला हनुवटी छातीला लावायला सांगा आणि तिथूनच खाली, मानेच्या मधोमध जो खळगा असतो तिथपर्यंत. मागचा भांग वाकडा होतो तो बहुधा कंगवा मधेच उचलून पुन्हा अंदाजाने टेकवल्यामुळे. एक बाजू मोकळी झाली की लगेच मोठ्या चिमट्यात अडकवा, नाहीतर केस परत एकमेकांत मिसळतात.

तिपेडी

वेणी सैल होण्याचं कारण घट्टपणा कमी पडतो हे नाही. ओढण्याची दिशा चुकते. मागे उभं राहून आपण केस स्वतःकडे, म्हणजे डोक्यापासून लांब ओढतो. तशी घातलेली वेणी सोडली की खाली लोंबते आणि लांब धरलेलं ते अंतर मुळाशी ढिलेपणा होऊन उरतं. हात मानेला चिकटवून ठेवा आणि वेणी ज्या दिशेला लोंबणार त्याच दिशेला, खाली खांद्याकडे, घाला.

बोटांचं असं: मधला पेड एका हाताच्या अंगठा-तर्जनीत, बाजूचे दोन पेड दोन्ही हातांच्या उरलेल्या तीन बोटांनी तळव्याशी दाबलेले. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून. दर वेळी पेड ओलांडला की दोन्ही हात थोडे बाजूला ताणायचे, म्हणजे वळसा वर सरकून बसतो. पेड सारख्या जाडीचे हवेत. एक बारीक राहिला तर वेणी त्या बाजूला पिळते.

पातळ केसांना रिबीन शेवटी बांधण्यापेक्षा वेणीतच गुंफा. एका वेणीला दीड मीटर. आधी कानामागे छोट्या रबराने पोनी बांधा. रिबीन मधोमध दुमडून पोनीखालून रबरावर अडकवा, दोन टोकं दोन पेडांबरोबर चालवा. वेणी जाड दिसते आणि रिबीन मुळाशी अडकलेली असल्याने निसटायला जागाच राहत नाही. शेवटी वेणी दुमडून टोक मुळापाशी आणा, रिबिनीचे दोन वेढे मुळाभोवती घ्या. पहिली गाठ मारताना टोक एकदाच नाही, दोनदा फिरवा. साटीन गुळगुळीत, साधी गाठ बो बांधेपर्यंतच ढिली पडते. मग बो. रिबिनीची टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या आचेजवळ क्षणभर धरली तर दशा निघत नाहीत (नायलॉन-पॉलिएस्टरचीच, सुती रिबीन पेट घेईल).

नवशिका_बाबा

दिशेचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. दोन वेण्या एका उंचीवर येण्यासाठी काही खूण?

तिपेडी

एक वेणी पूर्ण करून दुसरीला हात घालू नका. दोन्ही पोनी आधी बांधा, समोरून आरशात बघा, मगच वेण्या. जागा ठरवायला कंगवा आडवा धरून कानाच्या वरच्या टोकापासून मागे न्या. रबर त्या रेषेच्या दोन बोटं खाली, दोन्हीकडे तसंच. आणि डावी वेणी घालताना तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहा. मागून वाकून घातली की हात तिरका पडतो आणि वेणी मागे सरकते. मुलीला छोट्या स्टुलावर बसवा, तिचं डोकं तुमच्या छातीच्या उंचीला आलं की पाठही दुखत नाही.

सासर_माहेर_पुणे

वरचं सगळं बरोबर, पण "घट्ट" या शब्दाला जरा आवर घाला. कपाळाच्या कडेला किंवा कानशिलावर बारीक पुटकुळ्या, लाली दिसली किंवा तिथले केस विरळ व्हायला लागले तर ताण जास्त होतोय. रोज असंच चाललं तर त्या जागचे केस पुढे कायमचे जाऊ शकतात. बांधून झाल्यावर तिला भुवया वर करायला सांगा. कपाळ ओढल्यासारखं वाटलं तर मुळाशी थोडं सैल करा. घरी आल्यावर वेण्या सोडायच्याच.

पिवळा साधा रबर केसांना कधीच नाही. केस त्यात चिकटतात आणि काढताना तुटतात. कापड गुंडाळलेला घ्या.

तेल आदल्या रात्री किंवा न्हायच्या आधी, सकाळी शाळेला जाताना नको. तेलकट केस निसटतात आणि वर मैदानातली धूळ धरतात. रात्री एक सैल वेणी घालून झोपवा, सकाळचा निम्मा गुंता होतच नाही.

कंगवा_कुठेय

रविवारी न्हाणं झाल्यावर केसांना कंडिशनर तसाच ठेवून एकदा बारीक फणीही फिरवा, फणी पांढऱ्या कागदावर पुसून बघा. कोंडा बोटाने उडतो, लीख केसाला चिकटून बसते, नखाने ओढावी लागते. लिखा कानामागे आणि मानेवर जास्त सापडतात. औषध लावलं तर बाटलीवर लिहिलंय तेवढ्या दिवसांनी दुसऱ्यांदा लावायला विसरू नका. बहुतेक औषधं लिखा पूर्ण मारत नाहीत, त्या आठवडा-दहा दिवसांत फुटतात.

वेणीफणी

सराव सकाळी नको. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, ती टीव्ही बघत असताना. नाहीतर खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पेड बांधून हात बसवा. सुतळी रडत नाही.