मदत हवी आहे: तज्ज्ञाच्या भूमिकेतील मुलांनी चुकीची माहिती ठामपणे मांडली, तर ती दुरुस्त कशी करावी?

नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. सध्या विज्ञानातील कीटकांचा घटक मी नाट्याच्या आधाराने शिकवत आहे. त्यात उभ्या राहिलेल्या एका अडचणीबद्दल, ही पद्धत ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष वापरली आहे अशा शिक्षकांचा सल्ला मला हवा आहे.

ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘मँटल ऑफ द एक्सपर्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत इंग्लंडमधील नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी विकसित केली. यात मुले नाटक बसवत नाहीत, संवाद पाठ करत नाहीत आणि समोर प्रेक्षकही नसतात. सगळा वर्ग मिळून एका काल्पनिक संस्थेतील अनुभवी मंडळी होतो, कोणीतरी त्या संस्थेवर जबाबदारीचे काम सोपवते, आणि ते काम पार पाडण्यासाठी मुलांना वाचावे, मोजावे, लिहावे आणि एकमेकांशी विचारविनिमय करावा लागतो.

आमच्या वर्गाची संस्था मधमाश्यांच्या वसाहती सुरक्षितपणे हलवण्याचे काम करते. एका जुन्या इमारतीच्या भिंतीतील पोकळीत मधमाश्यांनी पोळे केले आहे, भिंतीची दुरुस्ती लवकरच सुरू व्हायची आहे, आणि माश्यांना इजा न होता त्यांना दुसरीकडे न्यावे अशी विनंती इमारतीच्या मालकीणबाईंनी पत्राने केली आहे. पत्र मी लिहिले आहे हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, तरीही त्या पत्राला उत्तर देताना त्यांनी जी काळजी घेतली ती पाठ्यपुस्तकातील स्वाध्याय सोडवताना मला कधी दिसली नव्हती. एरवी दोन ओळींच्या पुढे न जाणारी मुले, मालकीणबाई उत्तराची वाट पाहत आहेत एवढ्याच कारणाने, पानभर लिहितात. म्हणून ही पद्धत सोडून देण्याचा विचार माझ्या मनात नाही.

अडचण संस्थेच्या पहिल्या अहवालापासून सुरू झाली. एका गटाने त्यात लिहिले की पोळ्यावर राजा माशीची सत्ता चालते आणि मकरंद आणण्यासाठी नर माश्या बाहेर जातात. वास्तविक पोळ्यात राजा नसतोच. राणी अंडी घालते, मकरंद आणि पराग आणण्याचे काम कामकरी माश्या करतात, आणि त्या सगळ्या माद्या असतात. नराला तर नांगीही नसते. या वयात अशा समजुती असणे स्वाभाविक आहे आणि त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती त्या समजुतीला भूमिकेमुळे मिळणाऱ्या वजनाची. दुसऱ्या गटातील एका मुलीने शंका काढली तेव्हा तिला उत्तर मिळाले, “आम्ही वीस वर्षे हेच काम करत आहोत.” ती गप्प बसली. मग मी मालकीणबाईंच्या नावाने दुसरे पत्र पाठवून तीच शंका विचारली, तर मुलांचे म्हणणे पडले की मालकीणबाईंना मधमाश्यांतले काय कळते, त्यांनी म्हणून तर आपल्याला बोलावले आहे. कथेच्या तर्काने पाहिले तर हे उत्तर बिनचूक आहे, आणि म्हणूनच मी पेचात पडले आहे.

मी मध्येच शिक्षिका म्हणून “हे चूक आहे” असे सांगितले, तर ज्या अधिकाराच्या भावनेमुळे मुले इतक्या मनापासून काम करत आहेत तीच भावना मी काढून घेतल्यासारखे होईल अशी भीती वाटते. न सांगितले, तर चुकीचे ज्ञान अधिक घट्ट होऊन बसेल. कथेत राहून दुरुस्ती करण्याचा खात्रीचा मार्ग आहे का? आणि नसेल, तर कथेबाहेर पडावे केव्हा आणि कसे?

प्रतिसाद १

आपला प्रश्न अतिशय योग्य आहे, आणि ही पद्धत वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी तो पडतो.

मला वाटते, मुलांना तज्ज्ञ म्हणजे सगळे माहीत असलेला माणूस असे वाटत आहे, आणि संस्थेची घडण करतानाच ही कल्पना बदलता येते. खऱ्या तज्ज्ञांच्या जगात तपासणीची रीत असते: नोंदवह्या असतात, दुसऱ्याची सही लागते, आधीच्या कामांची कागदपत्रे असतात. दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय या संस्थेतून एकही विधान बाहेर जात नाही, असा नियम मुलांकडूनच करून घ्या. तो ठरवताना “मागे एकदा आपल्या संस्थेच्या अहवालात चूक राहिली होती आणि एक पूर्ण वसाहत दगावली होती, तेव्हापासून आपण काय करू लागलो?” असा प्रश्न विचारला, तर संस्थेचा इतिहासही मुलेच रचतात आणि नियमाला कारण मिळते. एवढे झाले की शंका काढणारी ती मुलगी उद्धट ठरत नाही; ती संस्थेचे काम करत असते.

मालकीणबाईंचे पत्र निष्फळ ठरले, कारण काम सोपवणारी व्यक्ती कथेतच कमी जाणकार असते. तिने माहितीवर शंका घेऊन भागत नाही. तिने घडलेली गोष्ट कळवावी, हे अधिक परिणामकारक ठरते. समजा, मुलांनी पोळ्याचे भाग काढून चौकटींत बांधले, ते पेटीत ठेवले आणि पेटी इमारतीपासून पन्नास पावलांवर नेली. दुसऱ्या दिवशी पत्र यावे की शेकडो माश्या पुन्हा त्याच भिंतीपाशी घोंघावत आहेत, काय करायचे ते ताबडतोब सांगा. बाहेर फिरणाऱ्या माश्या आपल्या घराची जागा लक्षात ठेवतात आणि तिथेच परततात. म्हणून पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत किंवा तीन मैलांच्या पलीकडे, असा मधपाळांचा ढोबळ नियम आहे, आणि सगळ्या माश्या घरी असाव्यात म्हणून हे काम अंधार पडल्यावर केले जाते. हे सारे मुले आता पुस्तकांत शोधतील, कारण त्यांना त्याची गरज पडली आहे. परत आलेल्या त्या माश्या नर की मादी, हा प्रश्न त्या वेळी आपोआप येतो.

गणितालाही यात खरी जागा आहे. युरोपीय मधमाशीत अंड्यापासून पूर्ण वाढ होऊन बाहेर पडायला राणीला सुमारे १६, कामकरी माशीला २१ आणि नराला २४ दिवस लागतात. एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या नोंदवहीचे पान म्हणून हे आकडे मुलांच्या हाती द्या आणि विचारा की आज राणीने शेवटचे अंडे घातले असे धरले, तर पोळ्यातील सगळी पिल्ले बाहेर पडेपर्यंत दुरुस्ती किती दिवस थांबवावी लागेल. नर आणि कामकरी या दोन वेगळ्या माश्या आहेत हे समजल्याशिवाय उत्तर निघत नाही. मी कामे निवडताना हेच पाहतो: चूक असेल तर काम अडले पाहिजे.

आपली स्वतःची भूमिकाही तपासून पाहा. आपण संस्थेच्या प्रमुख झालात तर मुले तोंडाकडे पाहत बसतील. नव्याने रुजू झालेली लेखनिक व्हा. लेखनिकाला “साहेब, या नोंदीत आणि त्या पुस्तकात फरक दिसतो, मी कोणते उतरवून घेऊ?” असे विचारण्याचा पूर्ण अधिकार असतो, आणि तिच्या प्रश्नाने कोणाचाही मान कमी होत नाही.

प्रतिसाद २

वरील सूचना उपयुक्त आहेत, परंतु कथेबाहेर पडण्याची जी भीती आपण व्यक्त केली आहे ती मला अनाठायी वाटते. मुले कथेला खरे मानत नाहीत. ती आणि आपण मिळून तसे धरून चालतो. हा करार उघड असतो, म्हणून तो थांबवणे आणि पुन्हा सुरू करणेही उघडपणे करता येते. स्वतः हीथकोट काम मध्येच थांबवून मुलांशी त्याविषयी बोलत असत. एखादी ठरलेली खूण ठेवावी, जसे की ओळखपत्र काढून टेबलावर ठेवणे, आणि मग सरळ सांगावे: “आता मी तुमची शिक्षिका म्हणून बोलते. राजा माशी नसते. हे आपण नीट वाचू आणि मग कामावर परत जाऊ.” पाच मिनिटांत वर्ग पुन्हा कथेत जातो.

एका बाबतीत तर कथेत राहून दुरुस्ती करण्याची वाट पाहूच नये, आणि आपल्या विषयात ती बाब नेमकी आहे. मधमाशीच्या दंशाने काही व्यक्तींना तीव्र ॲलर्जी होऊन जिवाला धोका उद्भवू शकतो. मधमाश्या हलवणारा तज्ज्ञ बनलेले आठ वर्षांचे मूल शाळेबाहेर खरे पोळे दिसल्यावर पुढे सरसावण्याची शक्यता मी गृहीत धरतो. तेव्हा खऱ्या पोळ्याजवळ जायचे नाही, त्याला डिवचायचे नाही, मोठ्या माणसाला सांगायचे, हे भूमिकेबाहेर येऊन, शिक्षिका म्हणून, आणि एकापेक्षा अधिक वेळा सांगितले पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भिंतीपाशी परतलेल्या माश्यांचे पत्र मी आजच लिहायला घेते. संस्थेच्या नोंदवहीत “पडताळलेले” आणि “पडताळायचे” असे दोन भाग करण्याचे ठरवले आहे. राजा माशीची नोंद मी खोडणार नाही, तर लेखनिक म्हणून ती दुसऱ्या भागात उतरवून घेईन आणि तिचा निकाल मुलांनाच लावू देईन. दंशाविषयी मात्र उद्या पहिल्याच तासाला ओळखपत्र बाजूला ठेवून बोलेन.

एक उपप्रश्न उरतो. मूल्यमापन कशाचे करावे? अहवाल गटाने आणि भूमिकेत राहून लिहिलेला असतो, त्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतःला काय समजले हे त्यातून दिसत नाही.

प्रतिसाद १

अहवालाला गुण देऊ नयेत. तो संस्थेचा आहे. काम संपल्यावर, भूमिकेबाहेर, प्रत्येक मुलाने स्वतःच्या नावाने लिहावे: सुरुवातीला मला काय वाटत होते, आता काय वाटते, आणि ते कशामुळे बदलले. जी मुले लिहिण्यात मागे आहेत त्यांना कामकरी माशीचे नृत्य करून दाखवू द्या. अन्नाची दिशा आणि अंतर माशी आपल्या नृत्यातून सोबतिणींना कळवते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखवले आणि त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उभ्या पोळ्यावर सरळ वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा, आणि तिच्याशी होणारा कोन म्हणजे फुलांची वाट. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या पोळ्यावर एका मुलाने बोटाने ती वाट दाखवावी आणि दुसऱ्याने मैदानावर ठरवलेल्या सूर्याच्या खुणेवरून नेमक्या फुलापाशी पोहोचावे. दुसरा चुकीच्या फुलाशी गेला, तर कुठे गफलत झाली हे दोघे आपापसांत शोधू लागतात. त्या वेळी जवळ उभे राहून त्यांचे बोलणे टिपून घ्या. कोणत्या मुलाला किती समजले आहे, हे त्यातून आपल्याला कळेल.